मांजर म्हणजे छोटं मूल नव्हे

जनावरांच्या दवाखान्यात येणारी माणसं खोटं बोलतात. वाईट असतात म्हणून नाही, घाबरलेली असतात म्हणून. "घरी काही औषध दिलंत का?" असं विचारलं की सगळे हात वर करतात, आणि कुत्रं तिकडे टेबलावर घरातल्या निम्म्या गोळ्या पोटात घेऊन आडवं झालेलं असतं. म्हणून सिस्टरनं आणि मी एक पद्धत पाडून घेतली आहे. दिलं का, असं विचारायचंच नाही. सरळ "किती दिलं?" म्हणायचं, जणू काय दिलं ते आपल्याला आधीच ठाऊक आहे. बहुतेक जण गडबडतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. उरलेल्यांवर मी ओरडते. त्यासाठी मला फार कष्ट पडत नाहीत, राग माझ्या नाकावरच असतो.

म्हणजे, असायचा. आई गेल्यापासून तोही कुठे गेला कोण जाणे. लोक गाढवपणा करून येतात, मी ऐकून घेते, सुई भरते, टोचते. एकदा सिस्टर म्हणाली, "मॅडम, हल्ली तुम्ही कुणाला बोलतच नाही. मला भीती वाटायला लागलीय." मी म्हटलं, "चहा सांग."

दाढ काढताना भूल देतात ना, तसं झालं होतं. डॉक्टर पक्कड लावून ओढतोय ते कळतं, दाब कळतो, कटकट आवाजसुद्धा ऐकू येतो, पण दुखत नाही. आईच्या साड्या मी कपाटातून काढल्या, घड्या घातल्या, वाटून टाकल्या. दाब कळला. एवढंच.

बाबांचं वेगळं होतं. त्यांना एक प्रश्न होता.

बाबा केमिस्ट. आयुष्यभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिले. गिऱ्हाईकानं "एकच्या ऐवजी दोन घेतल्या तर?" असं विचारलं की चष्म्यावरून बघायचे, आणि माणूस तिथेच कानाला खडा लावायचा. आईला शेवटी घरीच राहायचं होतं, तेव्हा तिचं दुखणं थांबवायचं ते जबरी औषध बाबांच्या हातात आलं. डॉक्टरांनी माप लिहून दिलं होतं. बाबा ते सिरिंजमध्ये ओढायचे, खिडकीपाशी जाऊन उजेडात धरायचे आणि रेघेवर आलं की द्यायचे. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. पण आईला ते पुरायचं नाही. ती वेळेच्या आधीच मागायची. आधी हळू, मग मोठ्यानं. "अहो, द्या ना." बाबा म्हणायचे, "अजून वेळ झाली नाही." आणि तिच्या शेजारी घड्याळाकडे बघत बसायचे. तिचा हात हातात घेऊन बसायचे, तरी द्यायचे नाहीत. मी दारात उभी असायची. मीही काही बोलले नाही, कारण मापाच्या बाहेर जायचं नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं. अगदी शेवटी तिनं मागणं सोडलं. मग ती गेली.

त्यानंतर एकदा, फक्त एकदा, भांडी लावता लावता, माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "तिला दुखलं असेल का गं शेवटी?" मी लगेच म्हटलं, "नाही हो बाबा." फार लगेच म्हटलं. ज्यानं जन्मभर काउंटरपलीकडची तोंडं वाचली, त्याला घाईचं उत्तर कळतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण घरात कुठेही बसले तरी ते त्या प्रश्नापाशीच बसलेले असायचे. स्वतःची ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा घेईनात. "बघू, नंतर घेतो," म्हणायचे. औषधाच्या डब्याला हात लावायचा नाही, असं चाललं होतं.

आणि घरात होती ती आईची मांजर, इन्स्पेक्टर. हे नाव आईनंच ठेवलं. मांजर पहिल्यांदा दुकानात शिरली तेव्हा थेट फळीवर चढली आणि एकेका बाटलीला नाक लावत ऐटीत पुढे गेली, आणि दुकान तपासायला सरकारी इन्स्पेक्टर आला की उठतात तसे बाबा म्हणे सवयीनं उठून उभे राहिले. आई हे सगळ्यांना सांगायची, दर वेळी बाबांना आणखी थोडं जास्त घाबरवून. आई गेल्यावर इन्स्पेक्टर तिच्या पलंगावर झोपायला लागली आणि बाबा शेजारच्या खुर्चीत.

एक दिवस मी ऑपरेशन करत होते. एका लॅब्रॅडॉरनं मोजा गिळला होता. फोन बाहेर सिस्टरकडे होता. सकाळी बाबांचा फोन आला, की इन्स्पेक्टर रात्री कुठेतरी भांडून आलीय, पंजा सुजलाय, सारखी ओरडतेय. सिस्टर म्हणाली, "काका, मॅडम आत आहेत, दुपारी त्यांना घरी पाठवते." बाबा बरं म्हणाले आणि फोन ठेवला. तो मोजा काही लवकर हाती लागेना. त्यानंतर दुसरी एक तातडीची केस आली. दुपार टळल्यावर मी हात धुऊन बाहेर आले, तर बाबा बाकावर बसलेले. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून इन्स्पेक्टरचं डोकं बाहेर.

मी लांबूनच बघितलं आणि मला कळलं. तोंड सुजून गोल झालं होतं, हनुवटीवरून लाळ गळत होती, आणि ती ओरडत नव्हती. मी तिला टेबलावर घेतलं, ओठ वर करून हिरडी बघितली. हिरडी गुलाबी असायला हवी. ती मातकट तपकिरी होती. पायाच्या शिरेतून रक्त काढून मी एक थेंब पांढऱ्या कापसावर सोडला. थेंब चॉकलेटी पडला.

सिस्टर बाबांकडे बघत म्हणाली, "काका, किती दिलं?"

बाबांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. ही युक्ती तिच्या जन्माच्या आधीपासून ते काउंटरवर वापरत आले होते. "काही नाही," ते म्हणाले.

"बाबा."

"काही नाही गं. पंजा शेकला फक्त."

एरवी मी टेबलावर हात आपटला असता. हात उचललाच गेला नाही. मी सपाट आवाजात म्हटलं, "बाबा, तापाचं औषध दिलंय. ते रक्तातच दिसतंय. मला फक्त किती आणि केव्हा ते सांगा. नाही सांगितलंत तर ही मरेल."

बाबांनी पिशवीची घडी घातली. मग पुन्हा उलगडली. "लहान मुलांचं सिरप," ते म्हणाले. "वजन केलं तिचं. आधी मी एकटा काट्यावर उभा राहिलो, मग तिला घेऊन. किलोमागे मुलांना जेवढं देतात तेवढंच दिलं. कमीच, थोडं. सकाळी एकदा. तिचं ओरडणं थांबेना, म्हणून जेवायच्या वेळी पुन्हा एकदा." मग हळूच, "मुलांना चालतं तेवढ्या अंतरानं."

हिशोबात एका थेंबाची चूक नव्हती. दुसऱ्या कुणी घरातली गोळी मोडून अंदाजानं तुकडा दिला असता. बाबांनी मांजर वजनकाट्यावर घेऊन, बालरोगतज्ज्ञालाही जमणार नाही इतक्या नेटकेपणानं तिला विष पाजलं होतं. आणि त्यांना हे ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरात एक नियम होता. जेवताना जनावरांच्या दवाखान्यातल्या गोष्टी काढायच्या नाहीत. आईला मळमळायचं. मला सगळे जण भेटतात ते जेवतानाच, त्यामुळे माझ्या कामातलं कुणालाच कधी काही कळलं नाही.

"मला ऐकवेना गं तिचं," बाबा म्हणाले. "पुन्हा तसंच घड्याळाकडे बघत बसायचं मला जमलं नसतं."

यावर मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी ऑक्सिजनचा नळ उघडला.

याच्यावर उतारा आहे. पण तो माणसांचा. ज्यांनी याच औषधाच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या त्यांच्यासाठी मोठ्या हॉस्पिटलांत ठेवतात, आमच्याकडे तो नव्हता. मी नाव सांगायच्या आधीच बाबांनी ते घेतलं. "हॉस्पिटलच्या खालच्या दुकानात असतं ते. तिथला पोरगा माझ्याच हाताखाली शिकलाय." सिस्टर म्हणाली, "मी जाते काका, तुम्ही बसा." मी म्हटलं, "त्यांना जाऊ दे." ती माझ्याकडे बघत राहिली. बाबा निघालेसुद्धा होते, पायात चपला धड न सरकवता.

ते गेल्यावर मी इन्स्पेक्टरला पिंजऱ्यात ठेवलं, तोंडाशी नळी धरली, सलाईन लावलं. तिची छाती भात्यासारखी चालली होती. सिस्टरनं विचारलं, "वाचेल?"

"बघू."

"काकांचं काय होईल, नाही वाचली तर?"

हे मलाही कळत होतं. आईला थेंब जास्त दिला नाही म्हणून ती दुखण्यातच गेली, आणि मांजरीला तिचं ओरडणं ऐकवेना म्हणून दिलं तर ती गेली, एवढं ओझं घेऊन त्या घरात त्या खुर्चीत एक म्हातारा माणूस किती दिवस बसू शकेल? मी सलाईनचा वेग बघितला. सिस्टरनं दुसरी नळी आणली.

बाबा धापा टाकत आले. इंजेक्शनच्या बाटल्या माझ्या हातात देण्याआधी त्यांनी उजेडात धरून तारीख वाचली, बूच तपासलं. मग दिल्या. मी माप काढलं, पातळ केलं आणि शिरेतून हळूहळू सोडायला लागले. या औषधाला घाई चालत नाही. बाबांनी स्टूल ओढलं आणि पिंजऱ्याशी बसले. बराच वेळ आम्ही तिघं नुसते इन्स्पेक्टरच्या हिरडीकडे बघत होतो. मध्ये एक बाई पोपट घेऊन आल्या, त्यांना सिस्टरनं उद्या या म्हणून वाटेला लावलं.

ऊन खिडकीतून सरकून औषधांच्या कपाटावर गेलं तेव्हा हिरडीचा मातकटपणा उतरायला लागला होता. एकदम गुलाबी नाही, पण चांगली म्हणता येईल अशी. मी श्वास मोजला, तोही कमी झाला होता. "वाचेल बहुतेक," मी म्हटलं. "दोन-तीन दिवस इथेच ठेवू. यकृताचं बघावं लागेल."

सिस्टर म्हणाली, "चहा सांगते," आणि डोळे पुसत बाहेर गेली. बाबा स्टुलावरून हलले नाहीत. मला वाटलं, त्यांना धीर द्यावा. धीर मला देता येत नाही, मला समजावून सांगता येतं. म्हणून मी समजावून सांगायला लागले.

"तुमचं माप चुकलं नव्हतं बाबा. मांजर म्हणजे छोटं मूल नव्हे, एवढंच. आपलं यकृत काय करतं, औषधाला साखरेचा एक कण चिकटवतं. साखर लागली की ते पाण्यात विरघळतं, मग मूत्रपिंड त्याला बाहेर घालवतं. मांजराच्या यकृताला ही चिकटवाचिकटवी जवळजवळ येतच नाही. मग औषध आतच फिरत राहतं, नको त्या वाटेला लागतं, आणि त्याचं विष होतं."

"का येत नाही?"

"झाडपाला खाणाऱ्यांना ते यावं लागतं. पाल्यात काय काय कडू-विषारी असतं, ते बाहेर काढायला. हिच्या खापरपणजीनं नुसते उंदीर खाल्ले. शिकायची गरजच पडली नाही."

"म्हणजे वजनाचा प्रश्नच नव्हता."

"नव्हताच. तुम्ही निम्मं दिलं असतंत तरी त्रास झाला असता."

बाबांनी मान डोलावली. काउंटरवर एखादं अवघड प्रिस्क्रिप्शन वाचताना डोलवायचे तशी. चहा आला. सिस्टर कप ठेवून लॅब्रॅडॉरकडे गेली. बाबांनी कपाला हात लावला नाही.

"सगळ्या औषधांना लागते का ही साखर?"

"सगळ्या नाही. बऱ्याच."

"तिच्या औषधाला?"

कुणाच्या ते विचारावं लागलं नाही. आता हे कुठे चाललंय ते मला दिसलं, आणि थांबवायचं कसं ते सुचेना. "लागते," मी म्हटलं.

"आणि मग लघवीतून जातं."

"हो."

"साखर लागल्यावर औषधाचा जोर संपतो ना पण?"

इथे हो म्हणता आलं असतं. एवढं एक हो म्हटलं असतं तर त्यांनी चहा घेतला असता, आम्ही घरी गेलो असतो. पण बाबा भांडी लावत होते तेव्हा एकदा मी घाईनं उत्तर दिलं होतं, आणि तेव्हापासून ते घरात कसे बसतात ते मी बघत होते.

"बहुतेक औषधांचा संपतो. त्याचा नाही संपत. साखर लागल्यावर त्याचा जोर उलट वाढतो."

बाबा पिंजऱ्याच्या जाळीकडे बघत होते. "लघवीची पिशवी मीच रिकामी करायचो तिची," ते म्हणाले. "शेवटी शेवटी तिच्यात काही नसायचंच. डॉक्टरांनी माप लिहिलं तेव्हा मूत्रपिंडं चालू होती."

"हो."

"मी देत होतो तेवढंच देत राहिलो. पण जात नव्हतं."

"नव्हतं जात."

"साठत होतं."

"हो, बाबा."

मी पुढच्याची वाट बघत उभी राहिले. ते केमिस्ट होते, त्यांना बेरीज येत होती. मी मनात उत्तरं जमवायला लागले, की आजारच तसा होता, डॉक्टरांनी पुन्हा बघायला हवं होतं, ती तशीही जाणारच होती. सगळी खरी उत्तरं. एकही त्यांच्यापर्यंत पोचेल असं वाटेना.

"ती मागायची थांबली होती," बाबा म्हणाले. "आठवतं तुला? आधी सारखी मागायची, मग एकदम थांबली. भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं, माझ्याकडे मागून उपयोग नाही असं तिनं ठरवलं. मला वाटलं, माझ्यावर रागावून गप्प झाली आणि तशीच सोसत राहिली." ते माझ्याकडे वळले. "तशीच गेली, असं मला वाटत होतं."

इतके महिने तो प्रश्न काय होता ते मला आत्ता समजलं. मी आपली समजत होते, त्यांना दुखण्याची काळजी आहे. त्यांना तिच्या गप्प बसण्याची काळजी होती.

"नाही बाबा. तिला झोप लागली होती. शेवटी मी नाडी बघत होते, कपाळावर आठीसुद्धा नव्हती. तुम्ही दिलेलं आत साठलं आणि तिला पुरलं. पुरलं म्हणून मागायची थांबली."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, झालं. पण माणूस हिशोब अर्ध्यावर सोडणाऱ्यातला नव्हता.

"इतकं साठलं, म्हणजे श्वासही त्यानंच मंद झाला असणार."

मी इन्स्पेक्टरचा श्वास पुन्हा मोजायला लागले.

"सांग ना. मी काही गिऱ्हाईक नाही."

"आजारानं झालाच होता. त्यानं आणखी झाला असेल."

"म्हणजे थोडंफार माझ्या हातानं."

"थोडंफार," मी म्हटलं. "हो."

बाबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग तो जाळीतून आत घातला आणि इन्स्पेक्टरच्या कानामागे बोट ठेवलं. तिनं डोळे उघडले नाहीत.

"पण दुखलं नाही."

"नाही दुखलं."

"मग चालेल," बाबा म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "मग चालेल मला."

आणि मला दुखायला लागलं. घशापासून खाली पोटापर्यंत, एकदम, श्वास घेता येईना इतकं. मी टेबलाला धरून तिथेच खाली बसले आणि रडले, मोठ्यानं, अंगावर कुत्र्याच्या ऑपरेशनचा डागाळलेला एप्रन घेऊन. आतून सिस्टर धावत आली तशी बाबांनी तिला हातानंच थांबवलं. "राहू दे," ते म्हणाले, "रडू दे तिला."